रोमचं सांतिन्यात्सिओ: न बांधलेला घुमट कुठून बघावा

पँथिऑनपासून पाचेक मिनिटं चाललं की हे जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचं) चर्च लागतं. प्रवेश मोफत आहे. खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत. आत शिरताच, छत ज्यात दिसतं त्या आरशापुढची रांग दिसते. छतासकट स्वतःचा फोटो हवा असेल तर सुट्टी नाणी घेऊन रांगेत उभे राहा. छतावरचं चित्रच बघायचं असेल तर आरशाची काही गरज नाही. मध्यदालनाच्या मधोमध जमिनीवर पिवळ्या संगमरवराची गोल चकती आहे. तिच्यावर उभं राहा आणि मग मान वर करा.

हे चर्च ज्यांच्या नावाचं आहे त्या जेझुइट संघाच्या संस्थापकांना, इग्नेशियस लोयोला यांना, १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळालं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनाही त्याच दिवशी. १६२६ मध्ये ओरात्सिओ ग्रासी या जेझुइट गणितज्ञाच्या आराखड्यानुसार बांधकाम सुरू झालं. घुमट मात्र झालाच नाही. त्या जागी चित्रकार आंद्रेआ पोत्सोने १६८५ मध्ये सुमारे १७ मीटर व्यासाच्या कॅनव्हासवर घुमट रंगवून बसवला.

त्यानंतर त्याने मध्यदालनाचं छत रंगवलं. कमानीसारख्या वळलेल्या छतावर सरळ खांब काढायची रीत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. छताच्या पायथ्याशी दोऱ्यांची चौकटी जाळी ताणायची, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी दिवा धरायचा, आणि छतावर पडलेली वाकडी सावली गिरवायची. उजेड तिथवर पोचत नसेल तर त्याच बिंदूपासून दोरा ताणून खुणा करायच्या. सगळी आखणी एका डोळ्यासाठी असल्यामुळे चकती सोडली की खांब कलायला लागतात. हे मुद्दाम करून बघा. खिडक्या खऱ्या आहेत, त्यांच्या वरचे खांब रंगवलेले. चित्रात स्त्रीरूपातली आशिया (खंड) उंटावर बसलेली सापडेल.

घुमटासाठी वेदीच्या दिशेने पुढे दुसरी खूण आहे. ती ओलांडून गेलात तर घुमट एका बाजूला कोसळल्यासारखा दिसतो. कॅनव्हास काळवंडलेला आहे, म्हणून भर दुपारच्या उजेडात जा आणि छोटी दुर्बीण जवळ ठेवा. फोन जमिनीवर उताणा ठेवून टायमर लावला तर फोटो सरळ येतो. वाइड लेन्स टाळा, तिने रेषा वाकतात.

घुमटाचं वजन पेलायला बांधलेले भक्कम खांब वाया गेले नाहीत. १८५०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी त्यांच्याच आधारावर छतावर वेधशाळा उभारली.

निघण्याआधी उजव्या बाजूच्या आडव्या दालनात जेझुइट संत लुइजी गोन्झागा यांच्या वेदीपाशी थांबा. शिल्पकार पिएर ल ग्रोचं संगमरवरी उठावशिल्प आणि खालचा लाजवर्दी (निळ्या दगडाचा) अस्थिकलश निवांत बघता येतात.