तुमचं तर झालं ना!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी या विषयावर बोलायला लागले की आमच्या घरातले एकेक करून उठून जातात.

प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तुमचं तर झालं ना! पर्मनंट आहात, सातवा वेतन आयोग आहे. मग सीएचबीवाल्यांच्या धरण्यात तुम्ही कशाला जाऊन बसता?" विचारणाऱ्यांत नणंद असते, शेजारच्या कॉलेजातले सहकारी असतात आणि बऱ्याचदा खुद्द सीएचबीवालेच असतात. त्यांच्या सुरात जरा संशयही असतो, की ही बाई उद्या कुठल्या निवडणुकीला तर उभी राहणार नाही? असू दे संशय. मीही नऊ वर्षं पर्मनंट लोकांकडे तसंच बघत होते.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी भाषेत तासिका तत्त्व. अनुदानित कॉलेजात पूर्णवेळ पद रिकामं होतं, ते भरलं जात नाही, आणि त्याचे तास दोघांत वाटून दिले जातात. जितके तास घेतले तितके पैसे. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, पीएचडी असली तर उत्तमच; म्हणजे पात्रता अगदी माझीच. नेमणूक जुलै-ऑगस्टात होते, एप्रिलात संपते. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच झेरॉक्सची फाइल.

मी २०१० ते २०१९ सीएचबीवर होते. विषय भूगोल, तालुके दोन, कॉलेजं तीन. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला मान्यता दिली, त्यातली एक मला मिळाली. (नोकरीसाठी किती पैसे भरले, हाही प्रश्न विचारला जातो. जिथे मागितले तिथे माझं झालं नाही. जिथे झालं तिथे मागितले नाहीत. नशीब म्हणा.) मग मे २०२० मध्ये करोनामुळे नवी भरती थांबली, तेव्हा त्या ३,५८० पैकी २,०८८ जागा भरायच्या राहूनच गेल्या होत्या. त्यांना पुन्हा मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. माझी मुलाखत आणखी आठ-दहा महिने लांबली असती तर मीही त्या राहिलेल्यांतच असते. आमच्या विभागात आज जे सीएचबीवर आहेत, त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय तो एवढ्या तारखांचा.

पण मी धरण्यात बसते ते काही उपकार म्हणून नाही. मला माझा विभाग चालवायचा आहे, आणि तो तासांच्या हिशेबात चालत नाही.

आमच्या भूगोल विभागात मंजूर पदं तीन. भरलेलं एक, ते मी. दोन सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या अजून आहेत, पदं कागदावर आहेत. त्यांच्या जागी चार जण सीएचबीवर. म्हणजे टाइमटेबलवर पाच नावं आणि महिन्याच्या महिन्याला पगार एकीचा.

दर महिनाअखेरीला माझ्या टेबलावर चार विवरणपत्रं येतात, म्हणजे चौघांची बिलं. दिनांक, वार, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, सही. विभागप्रमुख म्हणून ती मी तपासायची: टाइमटेबलशी ताडायची, मस्टरशी ताडायची, आणि जो तास झाला नाही त्यावर लाल रेघ मारायची. तास न होण्याची कारणं भूगोलाच्या पुस्तकाहून रंजक असतात. युवा महोत्सवाची तालीम. तालुका क्रीडा स्पर्धा, कारण मैदान आमचं. विद्यापीठाची परीक्षा, म्हणून वर्गखोल्या अडकलेल्या. गेल्या जुलैत एका सकाळी ओढ्याला पाणी आलं, खेड्यांतल्या एसट्या आल्याच नाहीत, वर्गात तीन मुली. सर मात्र बावीस किलोमीटर मोटरसायकलवरून निथळत आले होते. तास झाला नाही. रेघ.

माझ्या बिलांवर अशा रेघा मारल्या जायच्या तेव्हा मारणाऱ्या सरांचा मला फार राग यायचा. आता पेन माझ्या हातात आहे.

आता पैशांचं. पदवीच्या वर्गाला तासाचा दर २०१८ मध्ये पाचशे झाला, २०२१ मध्ये सव्वासहाशे, २०२२ मध्ये नऊशे. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे एकेकाच्या वाट्याला आठवड्याला नऊ तासिका येतात, महिन्याच्या झाल्या छत्तीस. छत्तीस गुणिले नऊशे, बत्तीस हजार चारशे. पण थांबा, हे घड्याळी तासाचे पैसे. आमची तासिका ४८ मिनिटांची असते. पाच तासिका घेतल्या की बिलात चार तास लागतात. म्हणजे छत्तीसच्या झाल्या अठ्ठावीस पूर्णांक आठ, आणि रुपये २५,९२०. तेही एकही रेघ पडली नाही, सगळे तास थिअरीचेच असले तर. प्रात्यक्षिकाचा दर त्याहून कमी. दिवाळीची सुट्टी, परीक्षा आणि मे-जून यांचे शून्य. आणि हे हातात कधी पडणार? मी असताना एका वर्षी जुलैपासूनचं मानधन मार्चमध्ये जमा झालं होतं. किराणावाल्याला मी "बिल वर गेलंय" म्हणायचे आणि तोही समजूतदारपणे मान हलवायचा. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती.

त्याच कामाला नव्याने लागलेल्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी व्याख्यात्यासाठी तासाला दीड हजार आणि महिन्याला कमाल पन्नास हजार असा दर सुचवला होता. आमचे नऊशे त्यानंतर तीन वर्षांनी आले.

तरीही मी म्हणते, दर वाढवून भागणार नाही. उद्या दीड हजार केलात तरी तुम्ही तासच विकत घेताय. कॉलेज म्हणजे नुसते तास असते तर ते यूट्यूबवर केव्हाच गेलं असतं.

एक प्रसंग सांगते. प्रथम वर्षाचं प्लेन टेबल सर्वेक्षण, म्हणजे तिपाईवरच्या फळ्यावर जागेवरच नकाशा काढायचा, कॉलेजच्या मैदानावर. तिपाई रोवायची, फळा स्पिरिट लेव्हलने समतल करायचा, होकायंत्राने उत्तर दिशा जुळवायची आणि मग ॲलिडेडमधून, म्हणजे नेम धरायच्या पट्टीतून, एकेक खूण टिपायची: पाण्याची टाकी, ध्वजस्तंभ, सायकल स्टँडचा कोपरा. हे टेबल एका ठिकाणी मांडलं की तिथलं काम पुरं होईपर्यंत हलवायचं नाही. हललं की पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. त्या दिवशी बारा वाजता घंटा झाली तेव्हा मुलांच्या दोनच ठिकाणांवरून रेघा मारून झाल्या होत्या, तिसऱ्या ठिकाणावरची रेघ बाकी होती, आणि तिच्याशिवाय नकाशा पडताळता येत नव्हता. सरांचा तास संपला होता. मी खिडकीतून बघत होते. सर टोपी घालून पावणेएकपर्यंत उन्हात उभे राहिले, मुलांकडून तिसरी रेघ मारून घेतली, तिन्ही रेघा एका बिंदूत मिळाल्या तेव्हा पोरं अक्षरशः ओरडली. विवरणपत्रात त्या पाऊण तासासाठी रकानाच नाही.

तेच सर १.४० च्या एसटीने दुसऱ्या कॉलेजला जातात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पाचं काही विचारायचं असलं की तीही त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत जातात आणि कॅन्टीनमध्ये चहाचे ग्लास बाजूला सारून कच्चे मसुदे तपासले जातात. आमच्या विभागाचं संशोधन केंद्र तेच. चुकून बस लवकर लागली तर त्या दिवशीचं संशोधन तहकूब.

आणि कागदं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची होती तेव्हा निकष दोनची अख्खी फाइल दोन सीएचबी मॅडमनी रात्री साडेआठपर्यंत बसून लावली. त्याचे पैसे नाहीत. लावली नसती तर मला काही म्हणता आलं नसतं, आणि पुढच्या जुलैत मुलाखत आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. याला मी स्वेच्छा म्हणू शकत नाही. जे त्यांच्याकडून असं काढून घेता येत नाही ते माझ्यावर येतं: अंतर्गत गुण भरणं, नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेल्या नव्या पेपरांचे अभ्यासक्रम लावणं, सहल, परीक्षा, प्रवेश. मेंटॉरच्या यादीत माझ्या नावावर दोनशेच्या वर मुलं आहेत. त्यातल्या निम्म्यांची नावं मला चेहऱ्यांना जोडता येत नाहीत. पोरांना माहीत असतं की मॅडम कायम घाईत असतात, त्यामुळे ती येतही नाहीत.

नियम नाहीत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत स्पष्ट आहे: कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच, एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि त्यांचा महिन्याचा पगार नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको. आमच्या विभागात पाचात चार. पण यातली गोम अशी की सीएचबीवाला कंत्राटीही धरला जात नाही. तो तासाचा पाहुणा. जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा आला, त्यात ती दहा टक्क्यांची मर्यादाच नव्हती.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचं प्रकरण आलं, तेव्हा त्यांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं, आणि समारंभांत नुसतं 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणत राहणं पुरेसं नाही असंही सुनावलं. हे वाचून मी एकटीच हसले. आमच्याकडे पाच सप्टेंबरला हाच श्लोक फ्लेक्सवर झळकतो आणि तो फ्लेक्स छापतात आमचेच एक सीएचबी सर. त्यांचं बाजारपेठेत छपाईचं दुकान आहे. घर त्यावर चालतं.

समोरून येणारा एक मुद्दा मला खोडता येत नाही, तो सांगितला पाहिजे. एका प्राचार्यांनी मला विचारलं, "पदं भरली आणि पाच वर्षांनी पटसंख्या घसरली, तर त्या माणसांना अतिरिक्त ठरवून मी कुठे पाठवू?" खरं आहे. आमच्याच कॉलेजात एका भाषेच्या स्पेशलला गेल्या वर्षी चार मुलं होती. सगळीच रिकामी पदं डोळे मिटून भरा असं मी म्हणणार नाही. पण भूगोलाचा वर्कलोड आठ वर्षांत एका तासानेही कमी झालेला नाही. जे काम दरवर्षी हमखास असतं, त्याला दरवर्षी 'तात्पुरतं' म्हणायचं याला अनिश्चितता म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. आणि पैसे नाहीत म्हणाल, तर ही काटकसर चार घरांच्या किराण्यातून होते आहे.

पर्मनंट सहकाऱ्यांचं वेगळंच. त्यांना वाटतं, सीएचबीचा विषय मध्ये आणला की आपल्या मागण्या मागे पडतात. मला उलट वाटतं. विभागात एकच पूर्णवेळ माणूस उरला की तो निवृत्त झाल्यावर विभागच उरत नाही. माझी अजून चौदा वर्षं आहेत. तोवर दुसरी दोन पदं भरली गेली नाहीत, तर तिपाया, फळे, वर्षानुवर्षं जमवलेले स्थलनिर्देशक नकाशे यांचा चार्ज मी कोणाला देऊ? यादीवर सही करायला पूर्णवेळ शिक्षक लागतो.

तर मागणं एवढंच आहे: काम आहे तिथे पद भरा. भरेपर्यंत जो शिकवतोय त्याला वेतनश्रेणीतलं किमान वेतन महिन्याच्या महिन्याला द्या, सुट्टीचं धरून. ज्याचं काम बरं आहे त्याला दर जुलैत पुन्हा उमेदवार करू नका. आणि ४८ मिनिटांचा तो हिशेब तर उद्या सकाळीच बंद करा, त्यासाठी कुठल्या आयोगाची वाट बघायला नको.

आणखी बरंच सांगता आलं असतं, पण फेब्रुवारीची विवरणपत्रं समोर पडली आहेत. परवा त्यातलंच एक तपासताना १९ तारखेवर आले. शिवजयंती, सुट्टी, सरांनी सवयीने एक तासिका लिहिली होती. मी रेघ मारली. तेवढ्यात सर टोपोशीट ठेवायला आत आले, त्यांनी कागदाकडे बघितलं.

"त्या दिवशी कार्यक्रमात गडकोटांच्या भूगोलावर मीच बोललो होतो की, मॅडम," ते म्हणाले. "दीड तास."

"माहितीये, सर. मी पहिल्या रांगेत होते."

त्यांनी नकाशे कपाटात ठेवले आणि घड्याळ बघितलं. १.४० ची गाडी होती.