शटल, शेवगा आणि नागपूरचं ऊन

आज सकाळी पोट्ट्यांसाठी विज्ञानाचं सामान दोनच वस्तूंचं होतं: बॅडमिंटनचं पिसांचं जुनं शटल आणि झाडावरच वाळलेली शेवग्याची शेंग. (भाजीवाल्याकडची हिरवी चालत नाही, तिच्यातलं बी कच्चं असतं.)

शटल पिसं खाली धरून पहिल्या मजल्यावरून सोडा. क्षणात उलटतं आणि बूच पुढे येतं. वजन बुचात, हवेचा अडथळा १६ पिसांच्या घेरात, म्हणून. आता पिसांच्या कडेला बुचाइतक्या वजनाची माती सारखी पसरून लावा, मग ते उलटायला कुचराई करतं. माती एकाच बाजूला लागली की मात्र नुसतं भेलकांडतं.

शेवग्याच्या बीला कागदासारखे तीन पंख. एका बीचे पंख खुडा, दुसरं तसंच ठेवा आणि दोन्ही एकदम सोडा. स्टॉपवॉच नको, बोटाची चूकच ०.२ सेकंदांची, आधी कोण टेकलं ते बघा. पंखा बंद करा, हे सगळेच विसरतात.

मग पोरं विचारतात, उन्हाळ्यात शटल लांब का जातं? ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के विरळ, अडथळा तेवढा कमी. म्हणून शटलच्या डब्यावरचा वेगाचा आकडा बघून घ्यावा: ७७ पेक्षा ७६ हळू. कोरड्या हवेत पिसंही कडकडीत होऊन तुटतात. आदल्या रात्री डब्याला थोडी वाफ द्यायची, बूच ओलं होऊ न देता.