भिशीनंतर चपला घालताना विचारलेला प्रश्न

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय कोणी भिशीत काढत नाही. भिशी संपल्यावर चपला घालता घालता मात्र कोणीतरी हळूच विचारतंच, "डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून नवऱ्याजवळ जावंसंच नाही वाटत गं, तुझंही असं झालं होतं का?"

झालं होतं. पण माझं गोळ्यांच्या आधीच सुरू झालेलं, हे मला फार उशिरा कळलं. ज्या दिवसांत तर्री-पोहे पण मातीसारखे लागत होते त्या दिवसांत ही इच्छा बरी शाबूत राहील! वरून घाबरेपणा. म्हणजे अंग पलंगावर आणि डोकं वर पंख्याजवळ बसून माझ्याकडेच पाहतंय, जमतंय का, यांना कळलं तर नाही ना, अशात शरीर सैल होत नाही, ओलावा येत नाही, मग दुखतं आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी आधीपासूनच भीती.

मग एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली. दीडेक महिन्यात रडणं थांबलं, इच्छाही थोडी परत आली पण शेवटपर्यंत पोचणंच बंद, शिंक येता येता अडकते ना, तसं. सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या मूडशी जोडलेल्या एका रसायनावर, काम करणाऱ्या डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी हे होतं, सर्ट्रालिननं होतं, पॅरोक्सेटिन तर त्यात जास्तच बदनाम. मला मळमळेल एवढंच सांगितलं होतं. मी तरी काहून विचारीन, बाजूच्या खुर्चीवर सासूबाई!

मग मीच शहाणपणा केला, भर मे महिन्यात गोळी आपल्या मनानं बंद केली. चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, आणि घरचे ऊन लागलं म्हणून पन्हं पाजत बसले. हे करू नका.

पुढच्या वेळी एकटी गेली. बोलायची हिंमत नव्हती म्हणून सगळं लिहिलेली चिठ्ठी टेबलावर सरकवली. डॉक्टरबाईंनी पहिले हेच विचारलं, गोळीच्या आधी काय होतं आणि नंतर काय बदललं, थायरॉइड पण तपासायला लावलं. डोस कमी करून पाहिला तर मूड घसरला, मग हळूहळू बुप्रोपियॉन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळीवर आणलं, त्यात हा त्रास कमी असतो. पण ती सगळ्यांना चालत नाही, फिट येणाऱ्यांना तर देतच नाहीत, त्यामुळे माझी गोळी मागू नका, चिठ्ठी न्या.

यांना मात्र मी फुटाळा तलावावर भुट्टा खाताना सांगितलं. म्हणाले, "मला वाटलं मीच आवडेनासा झालो." दोन वर्षं माणूस हे मनात घेऊन कूलरमध्ये पाणी भरत होता.