शनिवारी रात्री मी मोकळी नसते

‘लास्ट ऑर्डर साडेदहाला, म्हणजे साडेअकरापर्यंत येते.’ हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या चार वर्षांत मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं, त्याला गणती नाही. ते दर वेळी मनापासूनच म्हटलेलं असायचं. पण शेवटची केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आली म्हणजे काम संपलं असं नसतं. ते जेवण पासवरून, म्हणजे वेटर ताटं उचलतो त्या ओट्यावरून, जायचं असतं. मग मोठ्या पातेल्यातला स्टॉक निववायचा असतो: साधारण ६० अंशांवरून दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर. तसं केलं नाही तर त्यात जंतू वाढतात. उथळ ट्रेमध्ये ओतून, बर्फावर ठेवून, मधूनमधून थर्मामीटर बुडवत मी उभी असायची आणि लॉकरमधला फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. मग लेबलं, सेक्शनची सफाई, उद्याची ऑर्डर. बाहेर पडेपर्यंत एक वाजलेला असायचा.

त्यातच पहिलं नातं गेलं. भांडण असं झालंच नाही. तो एवढंच म्हणाला, ‘तू नाही म्हणालीस तर मी दुसरं काहीतरी ठरवेन. पण तू येते म्हणतेस, आणि मी वाट बघत बसतो.’

हे ऐकून मला खूप लागलं, कारण ते खरं होतं. तोवर मी सगळा दोष कामाच्या तासांना देत होते. तास वाईट आहेतच. ब्रेक शिफ्ट म्हणजे दहा ते तीन आणि पुन्हा सहापासून बंद होईपर्यंत. मधले तीन तास कोणाच्याच कामाचे नाहीत. लोकांची सुट्टी असते तेव्हा आपल्याकडे सगळ्यात जास्त कव्हर्स, म्हणजे जेवणारी माणसं. पण समोरच्याला तासांपेक्षा माझ्या खोट्या आशेचा त्रास होत होता. मी ठरवलं, कामाच्या दिवशी ‘येते’ हा शब्द वापरायचा नाही. आले तर आले, पण माझी वाट कोणी बघायची नाही.

मग भेटायचं कधी? सकाळी. हे सोपं नव्हतं. सर्व्हिस संपल्यावर अंगात असा जोर चढलेला असतो की दोन तास डोळा लागत नाही. आम्ही सगळे मिळून पहाटेपर्यंत बसायचो. ती माणसं आजही माझी जवळची आहेत, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यातच जायची. मी ते बसणं आठवड्यातून एकदावर आणलं आणि संध्याकाळी सहानंतर कॉफी बंद केली. कॉफी घेतल्यावर चार-पाच तासांनीही तिचा निम्मा अंमल शरीरात असतो, आणि मी तर रात्री नऊला कपच्या कप रिचवत होते.

सध्याच्या जोडीदाराला मी पहिल्यांदा भेटले ती सोमवारी सकाळी नऊ वाजता. मनगटावर ओव्हनच्या जाळीचा ताजा चटका होता. दुसऱ्या भेटीत मी त्याला माझं रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, दाखवलं. वीकऑफ कधी, कोणत्या रात्री मी अजिबात मिळणार नाही, सगळं. कोणाला ते रुक्ष वाटेल, पण मला त्यात आदर वाटतो.

सगळ्यात अवघड गेलं ते सुट्टी मागणं. किचनमधली हुद्द्यांची उतरंड एस्कॉफिए या फ्रेंच शेफनी बसवली, लष्कराच्या धर्तीवर. आजही वरून हुकूम आला की आपण ‘हो शेफ’ म्हणतो. कॉमी, म्हणजे सगळ्यात खालची शेफ, असताना प्रत्येकाची शिफ्ट मी उचलायची; नाही म्हटलं तर मागे पडू, ही भीती. बहिणीचे दोन वाढदिवस त्यात बुडाले. शेवटी जिवलग मैत्रिणीच्या लग्नाची तारीख मी तीन महिने आधी हेड शेफना सांगितली. रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांनी पेन काढलं, तारखेवर गोल केला आणि म्हणाले, ‘आदल्या दिवशी प्रेप, चिराचिरी-तयारी, पूर्ण ठेव.’ बस, एवढंच. मी आधी कधी विचारलंच नव्हतं.

आता सू शेफ, म्हणजे हेड शेफच्या खालोखालची, म्हणून रोस्टर मीच लावते. दोन आठवडे आधी भिंतीवर लागतं, आणि अगदी कोणी आजारी पडल्याशिवाय मी ते बदलत नाही. किचनमधल्याच कोणाशी जुळलं तर काय, असं नवी मुलं विचारतात. एक जण दुसऱ्याची शिफ्ट लावत असेल तर नको, एवढंच मी सांगते.

बहिणीचा वाढदिवस यंदा शनिवारी आला. आम्ही तो सोमवारी केला. तिने चालेल म्हटलं, तरी मला चाललं नाही.

शेफला कोणी जेवायला बोलावत नाही, आपल्या हातचं तिला काय आवडणार म्हणून. सोमवारी माझा जोडीदार माझ्यासाठी सूप करतो. कांदा जाडसर चिरतो, आच मोठी ठेवतो. पहिल्यांदा माझा हात सुरीकडे गेला होता. आता मी ओट्याला टेकून उभी राहते. ‘मीठ बघ जरा,’ म्हणत तो चमचा पुढे करतो. मी बघते आणि दोन वाट्या काढते.