सेन्सरपुढचा वॉशर

भोसरी एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. सकाळच्या फेरीत एका ड्रिलिंग यंत्राच्या सेन्सरपुढे तारेने बांधलेला लोखंडी वॉशर मला दिसला. जॉब, म्हणजे ड्रिल करायचा भाग, फिक्स्चरमध्ये (त्याला पकडून ठेवणाऱ्या साच्यात) नीट बसला नसेल तर यंत्र सुरूच होऊ नये, यासाठी तो सेन्सर लावलेला होता. वॉशरमुळे त्याला समोर कायम लोखंड दिसत होते, आणि तिरके बसलेले जॉबही बिनतक्रार ड्रिल होऊन तयार मालाच्या पेटीत पडत होते.

ऑपरेटरला विचारले तेव्हा त्याने काहीही लपवले नाही. "साहेब, जॉबच्या बैठकीत धातूच्या किसाची चिप अडकते, जॉब उचलला जातो आणि यंत्र अडते. दर वेळी हवा मारून साफ करत बसलो तर टार्गेट कोण भरून देणार?" म्हणजे सेन्सर बरोबरच सांगत होता. कूलंटची, म्हणजे ड्रिल थंड ठेवणाऱ्या द्रवाची, नळी सरकल्यामुळे चिप धुतल्या जात नव्हत्या, हा खरा दोष होता. यंत्र तो दिवसभर ओरडून सांगत होते आणि आम्ही त्याच्या तोंडाला वॉशर बांधला होता.

आपोआप थांबणाऱ्या यंत्राची कल्पना काही नवी नाही. जपानी उद्योजक साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग स्वतःहून थांबत असे, त्यामुळे एका कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता येई. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हीच कल्पना 'जिदोका', म्हणजे माणसाची समज असलेले स्वयंचलन, म्हणून रुजली. जपानीत हा शब्द लिहिताना 'हालचाल' या अर्थाच्या अक्षराला 'माणूस' हे चिन्ह जोडतात. तेथे लाइनवरच्या कामगाराच्या हाताशी दोरी असते. ती ओढताक्षणी सगळी लाइन थांबते असा आपल्याकडे समज आहे, परंतु आधी टीम लीडर धावत येतो आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचण्यापूर्वी अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. माझ्या मते दोरीपेक्षा हे धावत येणे महत्त्वाचे आहे, आणि आपण परदेशातून विकत आणतो ती नेमकी दोरी.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँटचा मोटार कारखाना जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केला आणि 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी तेच होते, पद्धत मात्र टोयोटाची होती, आणि गाड्यांचा दर्जा लवकरच सुधारला. 

आमच्या ऑपरेटरला मात्र कोणासाठी दोरी ओढायची होती? तो कंत्राटी होता. त्याने यंत्र थांबवले तर शिफ्टच्या फळ्यावर त्याच्या नावापुढचा आकडा घटणार होता. सुपरवायझरला डिस्पॅचची काळजी होती आणि मालकांना ग्राहकाची, कारण आमच्या पुरवठ्याअभावी मोठ्या कंपनीची लाइन थांबली की त्या खोळंब्याची किंमत डेबिट नोट (आमच्या बिलातून कापायच्या रकमेची नोंद) होऊन आमच्याकडे येत असे. त्या मोठ्या कंपनीत दोन-चार तासांपुरताच साठा ठेवतात, त्यामुळे वरच्या टोकाला जी काटकसर म्हणून मिरवली जाते, ती साखळीच्या खालच्या टोकाला भीती होऊन पोहोचते. त्या भीतीचा सगळा भार अखेर एका वॉशरवर येऊन पडला होता.

मी अहवालात ऑपरेटरचा दोष लिहिला नाही, यावरून बैठकीत बरीच वादावादी झाली. कूलंटची नळी वळवून घट्ट करायला मेंटेनन्सला वीस मिनिटे लागली. टार्गेटचा आकडा तेवढाच राहिला, आणि तीन आठवड्यांनी शेजारच्या यंत्राचे दार उघडताच ते थांबवणारा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला मला आढळला.