अंडाशयाचा कर्करोग मेंदूत पोहोचल्यावर

माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ खानापुरात बऱ्या होत्या. मग सकाळी उठताच डोके दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या आणि चहा ओतताना धार कपाबाहेर पडू लागली. घरी पित्ताचीच औषधे चालली होती. रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी तपासले जाणारे प्रथिन) मर्यादेत असूनही बेळगावच्या कर्करोगतज्ज्ञांनी मेंदूचा एमआरआय करायला लावला, हे आमचे भाग्यच. लहान मेंदूत, म्हणजे तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या भागात, एकच गाठ होती.

अंडाशयाचा कर्करोग शंभरात जेमतेम एक-दोन रुग्णांमध्ये मेंदूपर्यंत जातो, असे त्यांनी सांगितले. "आता किती दिवस?" या भावजींच्या प्रश्नावर त्यांनी आकडा दिला नाही, गाठी किती, पोटात वा फुफ्फुसात रोग शिल्लक आहे का, आणि रुग्ण स्वतःचे स्वतः करते का, यांवर ते ठरते, एवढेच ते म्हणाले. अनेक गाठी असतील आणि संपूर्ण मेंदूला किरणोपचार एवढाच मार्ग उरला, तर बहुधा काही महिने हाती असतात. गाठ एकच असून बाकीचा रोग आटोक्यात असेल, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळून वर्षाच्या पुढेही जाता येते. अक्कांच्या पोटाचा सीटी स्कॅन स्वच्छ आला, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

त्याआधी मेंदूतली सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केले. डोकेदुखी लगेच हटली, पण साखर चढली आणि अक्का मध्यरात्री भाकरी मागू लागल्या. हे औषध एकदम बंद करायचे नसते. मात्रा हळूहळू उतरवत आणावी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. लहान मेंदूतली गाठ मेंदूतील पाण्याची वाट अडवू शकते, त्यामुळे शस्त्रक्रिया लांबवली नाही. जखम भरल्यावर गाठीच्या जागेपुरतेच नेमके किरण दिले. सगळ्या मेंदूला दिल्यास स्मरणशक्तीवर परिणाम होण्याचा धोका अधिक असतो. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. तिथल्या सिस्टरनी ते अक्कांना ओळ न् ओळ मराठीत समजावले, मगच सही झाली. खर्चासाठी बीपीएल रेशनकार्ड आणि आधार घेऊन 'आरोग्य कर्नाटक' या सरकारी योजनेच्या खिडकीवर आधीच चौकशी केली होती.

आता ठरावीक काळाने एमआरआय होतो. चालताना अक्कांचा तोल अजून थोडा जातो, म्हणून अंगणात त्यांच्यासोबत कोणी तरी असते. चहा मात्र त्या स्वतःच ओततात.