नागमोडी आणि अडवीतिडवी

शाळेत घाटावर निबंध लिहिला आणि त्यात ‘नागमोडी वळणे’ टाकली नाहीत असं मराठी पोर कुठे असेल तर मला भेटवा. हिरवा शालू, खळाळणारे झरे, डोलणारी शेतं आणि नागमोडी रस्ता ही चौकडी कायम एकत्रच फिरते. शब्द इतका वापरलाय की त्यातला नाग कधीच निघून गेलाय, नुसती कात उरलीय.

पण मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे, की नागमोडी रस्ता दिसतो कुणाला? त्यावरून चालणाऱ्याला तर नाहीच, त्याला पुढचं एक वळण दिसतं, फार तर त्याच्या पुढचं. अख्खा नाग बघायचा तर समोरच्या डोंगरावर उभं राहायला हवं, किंवा घाटमाथ्यावर गाडी थांबवून कणीस खात खाली बघायला हवं, नाहीतर हल्ली ड्रोन आहेच. म्हणजे हा बघ्यांचा शब्द झाला. सह्याद्रीत गावातले मामा वाट दाखवायला येतात ना, त्यांच्या तोंडून मी ‘नागमोडी’ कधी ऐकलेला नाही. ते म्हणतात, "सरळ छातीवर नका घेऊ, जरा आडवं मारा, मग सोंड धरून वर." सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार.

या आडवं मारण्यातच सगळं आलं. सरळ चढलं की अंतर कमी पण दम निघतो, आणि ओझ्याच्या बैलाला तर ते जमतच नाही, म्हणून वाट डोंगराला तिरकी जाते, मग उलटी फिरते, परत तिरकी. रेल्वेचं दुखणं आणखी वेगळं, गाडीला असं चटकन वळताच येत नाही. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा एका ठिकाणी गाडी थांबायची आणि चक्क उलट्या दिशेने निघून पुढचा चढ चढायची, त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशनच म्हणायचे. आणि खंबाटकीला तर काय मजा होती, वर्षानुवर्षं साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा नि पुण्याकडे येताना बोगदा, त्यामुळे पोटात ढवळायचं ते फक्त जाताना.

त्यापेक्षा ‘वळण’ शब्द कितीतरी जिवंत वाटतो मला. अक्षराला वळण असतं, मुलगी आईच्या वळणावर जाते, वळणाचं पाणी वळणावर जातं, आणि पोराला वळण लावायचं म्हणजे खरंतर सरळ करायचं असतं! तेच वळण ‘आड’ झालं की बिघडलं, आडवळणाने बोलणारा माणूस कुणाला आवडतो. पण ‘वाट वाकडी करून आलो’ म्हणणाऱ्याला मात्र आपण चहा टाकतो.

आता बालकवींकडे येऊ. ‘औदुंबर’ आठच ओळींची कविता, त्यात वाट येते ती अशी: "पायवाट पांढरी तयांतुनी अडवी तिडवी पडे". नागमोडी नाही, अडवी तिडवी. आणि ती ‘जाते’ पण नाही, ‘पडे’. बोलीत आपण म्हणतोच ना, पाय पडून पडून वाट पडते, कुणी मुद्दाम आखत नाही. निबंधवाल्याने इथे नाग सोडला असता आणि मग पुढच्या ओळीतल्या काळ्या डोहात बिचाऱ्याला बुडवायची वेळ आली असती.

त्या डोहाचे लोकांनी कितीतरी अर्थ लावलेत, मृत्यूपर्यंत जातात, आणि काळा डोह म्हटल्यावर मन तिकडे जातं हे मलाही मान्य. पण ट्रेकवाल्या डोक्याला भलतंच दिसतं. बघा हं, गावातून निघालेली वाट, शेतमळ्यातून जाते, मग कुरणातून, आणि पोचते कुठे तर पाण्यावर. ही तर सरळसरळ ढोरवाट आहे! ढोरवाटांनी आम्हाला कमी नाही फिरवलेलं, चांगली मळलेली रुंद वाट बघून खुशाल निघावं तर ती एखाद्या चरणीच्या माळावर किंवा पाणवठ्यावर नेऊन सोडते आणि किल्ला राहतो भलतीकडेच. गुरांचं काय चुकलं म्हणा, त्यांना किल्ला बघायचाच नव्हता.

हे मी मराठीच्या एका प्राध्यापक मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, कवितेत गुरं कुठेत? म्हटलं, बाबा रे, कुरण कशाला ठेवलंय मग कवीने!